आमच्या अंगणातल्या शेजारणी

श्रूजबरी हे काही प्रवासवर्णनात यावं असं गाव नाही. बॉस्टनहून रूट नाइनने पश्चिमेला पस्तीस-चाळीस मैल आलं की ते लागतं, आणि गप्पांच्या नादात असलात तर निघूनही जातं. गावाच्या पश्चिमेला क्विन्सिगामंड नावाचा लांबुळका तलाव, त्याच्या पलीकडे वूस्टर. (लिहायचं 'वॉर्सेस्टर' आणि म्हणायचं 'वूस्टर', हा भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला धडा!) गावाच्या इतिहासात एक मोठं नाव आहे, जनरल आर्टेमस वॉर्ड यांचं. १७७५ साली बॉस्टनला वेढा घालणाऱ्या सैन्याची सूत्रं जॉर्ज वॉशिंग्टन येईपर्यंत त्यांच्या हाती होती. त्यांचं घर मेन स्ट्रीटवर अजून जपून ठेवलेलं आहे. बाकी शाळा चांगल्या, बर्फ भरपूर आणि आपली माणसंही भरपूर. आईवडील आले की आपण त्यांना तलाव दाखवतो, बॉस्टन दाखवतो, एका लाँग वीकएन्डला नायगारा उरकतो. त्यानंतरचे त्यांचे पाच महिने अंगणातच जातात.

ते अंगणच या लेखाचं गाव आहे. आमचं म्हणाल तर पाव एकर जमीन, त्यात बरंचसं लॉन, मागे लाकडी डेक, एक भाजीचा वाफा आणि कुंपणाच्या कडेने थोडी फुलझाडं. तुमच्यापैकी बहुतेकांचं थोड्याफार फरकाने असंच असेल. आम्ही दोघंही इंजिनियर, त्यामुळे घरात झाडापेक्षा स्क्रू-ड्रायव्हर जास्त. पण गेली काही वर्षं या पाव एकरात येणाऱ्या माश्या ओळखण्याचा मला नाद लागला आहे. माश्या म्हणजे अन्नावर बसणाऱ्या नव्हेत, फुलांवर बसणाऱ्या. मधमाशीच्या जातकुळीतल्या, पण मधमाशी नसलेल्या.

एकट्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अशा माश्यांच्या पावणेचारशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. आपण एवढी वर्षं इथे राहतो, मॉर्टगेज भरतो, टाउन मीटिंगची पत्रकं वाचतो, पण आपल्याच जमिनीवर राहणाऱ्या या कुळांची नावं आपल्याला ठाऊक नसतात. गंमत म्हणजे जिला आपण सगळेच ओळखतो ती मधमाशी मात्र इथली नाही. १६२२ साली इंग्लंडहून जहाजातून पोळी व्हर्जिनियात आली, तेव्हापासून ती या देशात आहे. तिच्याआधी हजारो वर्षं इथली फुलं फळत होतीच, ती या दुसऱ्या माश्यांच्या जिवावर. भारतातही थोडी अशीच कथा आहे. आपल्या सह्याद्रीतल्या मूळच्या माश्या म्हणजे कड्यांवर मोठमोठी पोळी लावणारी आग्या, झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी आणि झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी. पेटीतली युरोपियन मेलिफेरा तिकडे १९६०च्या दशकात उत्तरेत आणून रुजवली गेली. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर केलं, त्या भागातली जुनी मधपेट्यांची परंपरा मात्र सातेरीची.

'सेव्ह द बीज' असं लिहिलेले टी-शर्ट आपली मुलं शाळेतून आणतात, त्यावर चित्र असतं ते मधमाशीचं. पण मधमाशी म्हणजे एका अर्थी पाळीव जनावर. तिला सांभाळणारे लोक आहेत, तिच्यासाठी डॉक्टर आहेत, तिच्या पेट्या ट्रकमधून बागेबागेत नेल्या जातात. कोंबड्या वाढवून रानातले पक्षी वाचत नाहीत, तसंच हे आहे. रानातल्या माश्यांना पाळणारं कोणी नाही. त्यांचं नशीब तुमच्याआमच्यासारख्यांच्या अंगणावर अवलंबून आहे, आणि तिथेच खरा प्रश्न येतो.

तो प्रश्न आमच्याकडे एका एप्रिलमध्ये उभा राहिला. बर्फ वितळून दोनतीन आठवडे झाले होते. घराच्या दक्षिणेकडे, जिथे माती रेताड आहे आणि गवत विरळ, तिथे मुंग्यांच्या वारुळासारखे मातीचे छोटे ढीग दिसू लागले. प्रत्येकाच्या मधोमध पेन्सिलीएवढं भोक. आणि त्या सगळ्यावर घोट्याच्या उंचीवरून भिरभिरणाऱ्या माश्या, पन्नास-साठ तरी असतील. आमचे चिरंजीव तेव्हा सात वर्षांचे. ते त्या बाजूला फिरकेनात. लॉनची देखभाल करणारा माणूस आला, त्याने एका नजरेत निदान केलं आणि म्हणाला, "फवारून टाकतो, दोन दिवसांत साफ." त्याचंही बरोबर होतं. त्याला गवताचे पैसे मिळतात.

त्या वेळी सासूबाई वाईहून आलेल्या होत्या. त्या खिडकीतून बघत म्हणाल्या, "अगं, चावल्यात का कुणाला?" मी म्हटलं, "नाही आई, अजून तरी नाही." "मग आधी बघ तरी कोण आहेत. न बघता कुणाचं घर मोडू नये." मी त्या माणसाला पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगितलं आणि खुर्ची घेऊन त्या ढिगांपाशी बसले.

तर या बाई निघाल्या 'सेलोफेन बी'. शास्त्रीय नाव कोलेटीज इनइक्वालिस. न्यू इंग्लंडमध्ये वसंतात सर्वांत आधी जमिनीतून वर येणाऱ्यांपैकी ही एक. आकाराने मधमाशीएवढी, छातीवर दाट पिवळसर केस, काळ्या पोटावर फिक्या रेघा. मला इंजिनियर म्हणून तिचं भारी कौतुक वाटतं, कारण ती जमिनीत फूट-दीड फूट खोल बीळ खणते आणि आतल्या प्रत्येक खोलीला स्वतःच्या शरीरातून पाझरणाऱ्या द्रवाचा लेप देते. तो वाळला की सेलोफेनसारखा पारदर्शक पापुद्रा तयार होतो. रसायनाच्या भाषेत तो पॉलिएस्टर आहे! आपण तळघर गळू नये म्हणून कॉन्ट्रॅक्टरला हजारो डॉलर देतो, आणि ही बाई एकटी, कोणाच्याही मदतीशिवाय वॉटरप्रूफिंग करते. मग त्यात पराग आणि फुलातल्या रसाचं पातळसर कालवण भरते, वरच्या भिंतीला एक अंडं चिकटवते, खोली बंद करते आणि पुढच्या खोलीला लागते.

इथल्या बहुतेक मूळच्या माश्या अशाच. पोळं नाही, राणी नाही, मधाचा साठा नाही. सुमारे सत्तर टक्के जाती जमिनीत राहतात, उरलेल्या बहुतेक पोकळ काड्यांत नाहीतर जुन्या लाकडात. आमच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात जे दिसत होतं ते पोळं नव्हतं, गिरगावातली चाळ होती. प्रत्येकीची खोली वेगळी, दार वेगळं, चूल वेगळी. फक्त शेजार एक. आणि जिथे राखायला सामाईक साठा नाही, तिथे कोणी तुमच्यावर धावूनही येत नाही. भिरभिरत होते ते बहुतेक नर, बायकांची वाट बघत. नर माशीला नांगीच नसते. मादीला असते, पण चिमटीत धरल्याशिवाय ती सहसा वापरत नाही. चारपाच आठवड्यांत हा सगळा खेळ संपतो, ढीग पावसाने बसतात आणि पिल्लं पुढच्या एप्रिलपर्यंत जमिनीखाली राहतात.

इथे एक सावधगिरीचा शब्द सांगणं माझं कर्तव्य आहे. जमिनीतलं प्रत्येक भोक गरीब माशीचं नसतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकाच भोकातून झगझगीत पिवळ्या-काळ्या, गुळगुळीत अंगाच्या गांधीलमाश्यांची सतत ये-जा दिसली, तर त्या 'यलोजॅकेट'. तिथे मुलांना अजिबात जाऊ देऊ नका. त्या थव्याने येतात आणि पुन्हा पुन्हा चावतात. घरात कोणाला ॲलर्जी असेल तर माणूस बोलावून ते घरटं काढून घ्यावं, त्यात भूतदया आड आणू नये. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे. अनेक भोकं आणि प्रत्येकात एकेक माशी, वेळ वसंताची: चाळ, राहू द्या. एकच भोक आणि त्यातून अनेक माश्यांची रहदारी, वेळ उन्हाळ्याच्या अखेरची: लांब राहा.

पुढच्या आठवड्यात तो लॉनवाला आला तेव्हा हे सगळं मी त्याला सांगितलं. तो हसला, पण त्याने तेवढा कोपरा सोडला. शेजारच्या गृहस्थांनी मात्र दोनदा विचारलं, "गवताला काही झालंय का?" इथे लॉन ही खाजगी बाब नसते हो! आपल्या गवतावरून आपली किंमत ठरते असं आपल्याला, विशेषतः आपल्या लोकांना, आतून वाटत असतं. आपण नवखे, आपल्यामुळे गल्लीचं नाव खराब व्हायला नको. त्यामुळे त्या कोपऱ्याचं काय करायचं यावर घरात चांगली दोन जेवणं वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, घर विकायची वेळ आली तर? चिरंजीवांनी एव्हाना बाजू बदलली होती आणि ते बिळं मोजत होते. शेवटी ठरलं, पुढचं लॉन नीटनेटकं ठेवायचं, बाजूचा तो कोपरा चाळीला द्यायचा.

त्याच सुमाराला माझ्या वाचनात आलेला एक अभ्यास या वादात उपयोगी पडला. श्रूजबरीपासून तासाभरावर असलेल्या स्प्रिंगफील्डमध्ये सोळा घरांच्या लॉनवर तो केला होता आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही लॉन दर आठवड्याला कापली, काही दोन आठवड्यांनी, काही तीन. तीन आठवड्यांनी कापलेल्या लॉनवर अडीचपटीपर्यंत जास्त रानफुलं आली, पण माश्या सर्वांत जास्त दिसल्या त्या दोन आठवड्यांनी कापलेल्यांवर. त्या साध्यासुध्या हिरवळींवर माश्यांच्या शंभराहून अधिक जाती सापडल्या. म्हणजे पुण्य मिळवायला रान माजवायची गरज नाही. एक शनिवार आड मशीन काढायचं, इतकंच. आळसाला असा शास्त्राधार क्वचितच मिळतो.

या एप्रिलच्या माश्यांना खायला काय मिळतं, यात श्रूजबरीची एक दुखरी गोष्ट आहे. लॉनवर काही फुलायच्या आधी त्यांची भूक भागते ती झाडांवर, मुख्यतः रेड मेपल आणि विलोवर. मेपलला फुलं येतात हे आपल्याला कळतही नाही, फांद्या लालसर दिसतात एवढंच. ऑगस्ट २००८मध्ये वूस्टरमध्ये 'एशियन लाँगहॉर्न्ड बीटल' हा लाकूड पोखरणारा भुंगेरा सापडला. तो नेमका मेपल, विलो, बर्च अशा झाडांवर जगतो. मालाच्या लाकडी खोक्यांतून हा कीडा आशियातून अमेरिकेत आला होता. श्रूजबरीसह आसपासच्या गावांतून लाकूड बाहेर नेण्यावर बंदी आली आणि तीस हजारांहून जास्त झाडं तोडावी लागली. तेव्हापासून इथे राहणारी मंडळी सांगतात की काही रस्ते एका हिवाळ्यात ओळखू येईनासे झाले. त्यामुळे आमच्या भागात अंगणात एखादं लवकर फुलणारं झाड लावणं ही नुसती हौस नाही. कीडग्रस्त भागात मेपल किंवा विलो नको, पण ब्लूबेरी चालते, स्पाइसबुश चालतो. ब्लूबेरी तर मुलंही सोडत नाहीत.

मे महिन्यात मोठी बाई येते, ती म्हणजे 'बंबल बी'. गोल, केसाळ, हेलिकॉप्टरसारखी घरघरणारी. मेमध्ये दिसते ती राणी. हिवाळा तिने एकटीने मातीत, पाचोळ्याखाली काढलेला असतो. ती ज्या घरट्यात जन्मली तिथल्या मागच्या वर्षीच्या कामकरी माश्या मेलेल्या असतात आणि ती नव्याने संसार मांडायला जागा शोधत असते. इथे नेहमी दिसणारी 'कॉमन ईस्टर्न' ओळखायला सोपी आहे. छाती पिवळी, पोटाचा पहिला पट्टा पिवळा, त्यामागे सगळं काळं. दुसऱ्या पट्ट्यावर तपकिरी छटा असेल तर 'ब्राउन-बेल्टेड'. दुसऱ्या पट्ट्यावर मधोमध दोन पिवळे ठिपके जोडल्यासारखे दिसले तर 'टू-स्पॉटेड'. पाठीवर गंजाच्या रंगाचा डाग असलेली 'रस्टी पॅच्ड' एके काळी इथे सर्रास होती, आता मॅसॅच्युसेट्समध्ये ती दिसत नाही. २०१७ साली तिचं नाव देशाच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आलं. वूस्टर पॉलिटेक्निकच्या संशोधकांनी सामान्य लोकांनी बंबल बीचे फोटो काढून नोंदी कराव्यात म्हणून 'बीकॉलॉजी' नावाचा उपक्रम सुरू केला होता. आपली कितीतरी मुलं त्या कॉलेजात एम.एस. करून गेली. त्यांनी हे वाचून मान डोलावली तर मला आनंद वाटेल.

ओळखण्याच्या आणखी चार खुणा सांगते. पहिली, पंख. माशी असेल तर चार, आणि माशीचं सोंग घेतलेली साधी फ्लाय असेल तर दोन. पंख मोजता आले नाहीत तर डोक्याकडे बघा. फ्लायचे डोळे जवळजवळ सगळं डोकं व्यापतात आणि मिश्या अगदी आखूड असतात. दुसरी, पराग कुठे आहे. मागच्या पायांवर असेल तर बंबल किंवा तिच्यासारखी. पोटाच्या खालच्या बाजूला पिवळी भुकटी फासल्यासारखी असेल तर काडीत किंवा लाकडाच्या भोकात घर करणारी. तिसरी, रंग. पाचूसारखी हिरवी चमकणारी दिसली तर ती 'स्वेट बी', घाम चाटायला अंगावर बसणारी, तिला हळूच उडवून लावायचं. चौथी, गुलाबाचं पान. पानाच्या कडेला कंपासने काढल्यासारखे अर्धगोल कापलेले असतील तर कीड नव्हे. ते 'लीफकटर'चं काम, ती त्या तुकड्यांच्या पुंगळ्या करून त्यात अंडी घालते. झाडाला काही होत नाही, औषध मारू नका.

जूनमध्ये आमच्या डेकवर एक काळा, चकचकीत पोटाचा गडी घिरट्या घालायला लागला आणि सासूबाई खुर्चीतून उठल्याच. "अगं, हा तर भुंगा!" बरोबर ओळखलं त्यांनी. इथली 'ईस्टर्न कारपेंटर बी' आणि आपला भुंगा एकाच कुळातले, झायलोकोपा. डेकच्या पांढऱ्या पाइनमध्ये अर्ध्या इंचाचं, ड्रिल बिटने पाडल्यासारखं गोल भोक आढळलं की ते यांचं. लाकूड ते खात नाहीत, नुसतं कोरून घर करतात. तोंडावर पांढुरका डाग असलेला आणि माणसासमोर येऊन हवेत थबकणारा नर असतो, दिसायला दांडगा पण नांगी नाही. लाकडाला रंग दिलेला असला की हे सहसा फिरकत नाहीत. आम्ही कठडा रंगवला आणि बागेच्या टोकाला पाइनचा एक जुना ओंडका त्यांच्यासाठी टाकला. काही ओंडक्याकडे गेले, काहींनी कठडाच पसंत केला. भाडेकरू तो, शेवटी आपल्या मनाचा.

कोरडं लाकूड भेदणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, ही ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातली उपमा आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. ज्ञानेश्वरी झाली १२९० साली. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी नेवाशाला कोणीतरी भुंग्याकडे नीट पाहिलेलं होतं, याचा पुरावा मला श्रूजबरीच्या डेकवर मिळाला.

आणि त्या उपमेचा दुसरा अर्धा भाग दिसला भाजीच्या वाफ्यात. वाफ्याकडे वळण्याआधी टोमॅटो-वांग्यांचं सांगते. त्यांच्या फुलात पराग मिरपुडीच्या डबीसारखा बंद असतो, बारीक भोकातून हलवल्याशिवाय बाहेर पडत नाही. मधमाशीला ते जमत नाही. बंबल बी फुलाला लटकते, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते आणि पराग सांडतो. तेव्हा तिचा आवाज एकदम चढतो. कंपनं साधारण सेकंदाला अडीचशे ते चारशे. जुलैच्या सकाळी वाफ्यापाशी उभं राहिलात तर ऐकू येईल. याच गुणामुळे काचघरातल्या टोमॅटोसाठी बंबल बीची घरटी विकत मिळतात. आपल्याकडे ती फुकट येते.

आता भोपळा. आपल्या बहुतेक मराठी घरांची तक्रार असते, वेल छतावर जातो पण दुधी धरत नाही, बोटाएवढा होऊन गळतो. कारण असं की दुधीचं आणि दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा दिवसपाळीच्या माश्या घरी गेलेल्या असतात. संध्याकाळी नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला आपणच लावावं, ती फुलं मागे बारकंसं फळ घेऊनच येतात. लाल भोपळा आणि झुकिनीचं मात्र तसं नाही. त्यांची पिवळी फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. त्यांच्यासाठी खास 'स्क्वॉश बी' आहे. तिचं सगळं आयुष्य या भोपळ्यांच्या फुलांभोवती. मधमाशी उठायच्या आत तिची पाळी संपत आलेली असते. नर दुपारी मिटलेल्या फुलातच झोपतात! सासूबाई भज्यांसाठी भोपळ्याची फुलं तोडत होत्या, त्यातलं एक मिटलेलं फूल हातात गुणगुणायला लागलं. त्यांनी ते घाबरून टाकलं नाही. अलगद वेलाखाली ठेवलं आणि म्हणाल्या, "कमळात न अडकता भोपळ्यात अडकला बिचारा." त्या दिवशी भजी कांद्याची झाली.

या स्क्वॉश बीची हकीकत मला फार जवळची वाटते. ती मूळची न्यू इंग्लंडची नाही. मेक्सिको आणि नैर्ऋत्येकडच्या कोरड्या भागातल्या रानभोपळ्यांवरची ती माशी. तिथल्या आदिवासींनी भोपळा लावायला घेतला, बी हातोहात उत्तरेला-पूर्वेला पसरलं, आणि वेलामागोमाग ही माशी शेकडो मैल चालत आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून हा प्रवास उलगडला. या तलावाला ज्या निपमक लोकांच्या भाषेतलं नाव आहे, त्यांच्या मका-घेवडा-भोपळ्याच्या शेतांनंतर आज आमचा वाफा. आपलं आवडतं पीक जिथे गेलं तिथे ती गेली आणि तिथली झाली. तेव्हा 'इथली कोण आणि बाहेरची कोण' हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. मधमाशी बाहेरून आली आणि कामाला लागली, लाँगहॉर्न्ड बीटल बाहेरून आला आणि रस्ते उजाड करून गेला. कुठून आलात यापेक्षा आल्यावर इथे काय करता, हे पाहावं.

सप्टेंबरमध्ये अंगण पिवळं आणि जांभळं होतं. पिवळं 'गोल्डनरॉड', जांभळं 'न्यू इंग्लंड ॲस्टर'. (पुण्याच्या मंडईत मिळतो तो ॲस्टर वेगळा, तो चिनी.) काही माश्या अशा आहेत की त्या फक्त या कुळातल्या फुलांचाच पराग पिल्लांना देतात, दुसरं काही चालत नाही, आपल्या घरातल्या पोळीशिवाय न जेवणाऱ्या मंडळींसारखं. गोल्डनरॉडने शिंका येतात असं समजून लोक तो उपटतात. शिंका येतात त्या 'रॅगवीड'च्या परागाने, तो वाऱ्यावर उडतो. गोल्डनरॉडचा पराग जड आणि चिकट, तो माशीलाच न्यावा लागतो. कोणतं झाड कोणतं हे बघायला बॉयल्स्टनचं टॉवर हिलवरचं बोटॅनिक गार्डन दहा-पंधरा मिनिटांवर आहे. वूस्टर परगण्याची १८४२ सालची जुनी हॉर्टिकल्चरल सोसायटी ते चालवते. पाहुण्यांना घेऊन जायलाही छान जागा.

एवढं वाचून कोणाला काही करावंसं वाटलं तर यादी छोटी आहे. एप्रिल ते ऑक्टोबर काही ना काही फुलत राहील असं बघा: ब्लूबेरी, मग बी बाम, माउंटन मिंट, कोनफ्लॉवर, शेवटी ॲस्टर. कोथिंबीर जुलैच्या उन्हात फुलली की उपटू नका, त्या पांढऱ्या फुलांवर मुंगीएवढ्या माश्यांची जत्रा भरते. तुळशीच्या मंजिऱ्याही थोड्या राहू द्या. थोडी जमीन उघडी ठेवा, सगळीकडे मल्चची चादर घातली तर चाळ कुठे बांधणार? दुकानातल्या शोभेच्या 'बी हॉटेल'ची घाई नको, दरवर्षी साफ केलं नाही तर त्यात बुरशी आणि किडे होतात. त्यापेक्षा फुलझाडांच्या वाळक्या काड्या वसंतात फूट-दीड फूट ठेवून कापा, माश्या आपणच त्यात शिरतात. आणि फवारा टाळा. जुलै २०२२पासून मॅसॅच्युसेट्समध्ये निओनिकोटिनॉइड जातीची औषधं घराबाहेर फवारायला परवानाधारक माणूसच लागतो. पण डासांसाठी अंगणभर मारली जाणारी औषधंही माश्यांना तितकीच मारतात. आधी साचलेलं पाणी ओता.

राहता राहिला पाचोळा. नोव्हेंबरमध्ये सगळी गल्ली ब्लोअरच्या आवाजाने दणाणते आणि कागदी पोत्यांच्या रांगा लागतात. आम्ही लॉनवरचा पाला काढतो, पण कुंपणाच्या कडेचा तसाच ठेवतो, कारण त्याखाली कुठेतरी पुढच्या मेची बंबल राणी निजलेली असते. शेजारच्या गृहस्थांनी गेल्या हिवाळ्याआधी विचारलं, "हे काढायचं राहिलं का?" मी म्हटलं, "नाही, कोणीतरी झोपलंय." ते जरा थांबले, मग म्हणाले, "माझ्याही कुंपणापाशी ठेवू का थोडा?"

आता आमच्या दोघांच्या कुंपणाला दोन्हीकडून पाला आहे. दक्षिणेच्या कोपऱ्यातली बिळं चिरंजीव दर एप्रिलला मोजतात आणि आकडा वाईला फोनवर आजीला कळवतात. तुमच्या अंगणात कोण राहतं ते तुम्हीही एकदा खुर्ची टाकून बघा. ओळख झाली की कळवा, पुढच्या अंकासाठी विषय होईल.